ढोल, बाटली आणि जेसी एड डेव्हिस

यूट्यूबवर ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ शोधणारे आपल्यातले बहुतेक जण सुरुवातीच्या भारतीय भागासाठी जातात. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्ला रखा. वाद्यं नुसती लावून होतात आणि न्यूयॉर्कचं पब्लिक त्यालाच टाळ्या वाजवतं, हा किस्सा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. त्याच ध्वनिमुद्रणात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. वाजवायला घेण्याआधी रविशंकर समोरच्या गर्दीला विनंती करतात, की आमचं वादन चालू असेपर्यंत कृपा करून धूम्रपान करू नका. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर रॉकचे चाहते. तिथे काय काय ओढलं जात असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. वाद्यासमोर बसायचं तर काही गोष्टी बाहेर ठेवून या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग सतार जाते आणि गिटारी येतात. जॉर्ज हॅरिसन, एरिक क्लॅप्टन, आणि जरा मागे लांब काळ्या केसांचा एक गिटारवादक. त्याचं नाव जेसी एड डेव्हिस. आई कायोवा, वडील कोमांची, जन्म १९४४, ओक्लाहोमा. तो त्या मंचावर का होता याचं कारण ऐकण्यासारखं आहे. क्लॅप्टन तेव्हा हेरॉइनमध्ये इतका बुडालेला होता, की तो येईल की नाही आणि आला तरी वाजवू शकेल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. म्हणून डेव्हिसला तयारीत ठेवलं. क्लॅप्टन शेवटी आला, वाजवला. डेव्हिसही वाजवला. क्लॅप्टन पुढे सावरला, म्हातारा झाला, व्यसनमुक्तीचं केंद्र काढलं. डेव्हिस २२ जून १९८८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिसमध्ये एका इमारतीच्या लाँड्री रूममध्ये मेलेला सापडला. हेरॉइनचा ओव्हरडोस. वय ४३.

‘संगीत माणसाला बरं करतं’ हे वाक्य हल्ली रील्सच्या खाली इतक्या वेळा लिहिलेलं असतं, की ते खरं की खोटं हा प्रश्नसुद्धा पडेनासा झाला आहे. डेव्हिसच्या अंगात संगीत कमी होतं असं कोण म्हणेल? १९६८ च्या ताज महालच्या पहिल्या अल्बमवर (ताज महाल हा अमेरिकन ब्लूज गायक, आग्र्याचा संबंध नावापुरता) ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये त्याची स्लाइड गिटार आहे. ती ऐकूनच ड्वेन ऑलमन स्लाइडकडे वळला, असं रॉकच्या इतिहासात सांगतात. जॅक्सन ब्राउनच्या ‘डॉक्टर माय आइज’मधला तो सोलो त्याचा. जॉन लेननच्या ‘वॉल्स अँड ब्रिजेस’वर तो आहे. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये ज्याला दिवसरात्र बोलावणं यायचं, तो हा माणूस. मग संगीत नेमकं कुणाला आणि कधी बरं करतं?

हा प्रश्न मला ‘रंबल : द इंडियन्स हू रॉक्ड द वर्ल्ड’ हा माहितीपट बघताना छळत राहिला. २०१७ चा हा सिनेमा कॅथरीन बेनब्रिज आणि अल्फोन्सो मायोराना यांचा. सनडान्समध्ये गाजला, पारितोषिक मिळालं, आणि ते योग्यच होतं. रॉक म्हणजे काळ्यांचे ब्लूज अधिक गोऱ्यांचं कंट्री, हे समीकरण आपण सगळे शिकलो. त्यात तिसरा धागा होता, तो अमेरिकेच्या मूळनिवासींचा, आणि तो मुद्दाम पुसला गेला, हे ‘रंबल’ सांगतो. आणि सांगत बसत नाही, ऐकवतो. टस्करोरा गायिका पुरा फे डेल्टा ब्लूजच्या चार्ली पॅटनचं जुनं रेकॉर्डिंग ऐकते आणि त्यातल्या हेलात तिला आपल्याकडची गाणी ऐकू येतात, तो प्रसंग म्हणजे समीक्षा कशी करावी याचा धडा आहे. लिंक रे या शॉनी वंशाच्या वादकाचं १९५८ चं ‘रंबल’ हे शब्द नसलेलं गाणं काही शहरांतल्या रेडिओंनी बंद केलं होतं. एकही शब्द नाही, तरी पोरं बिघडतील म्हणून भीती!

तरीही सिनेमाची मूळ चाल सत्कार समारंभाची आहे. एक मूर्ती येते, मोठमोठे लोक तिच्याविषयी गहिवरून बोलतात, पुढची मूर्ती येते. (त्यातली एक मूर्ती आता अवघडली आहे. बफी सेंट-मरीच्या मूळनिवासी असण्यावरच २०२३ मध्ये कॅनडाच्या सीबीसीने गंभीर प्रश्न उभे केले. तो विषय वेगळा आणि मोठा आहे.) डेव्हिसची पाळी येते तेव्हा त्याची प्रतिभा, मग १९७५ चा फेसेस बँडबरोबरचा दौरा, मग नशा, मग मृत्यू, असा उतार. हळहळ आहे, प्रेमही आहे. पण ज्या सिनेमाचा सगळा दावा ‘आमची संस्कृती या संगीतात जिवंत आहे’ हा, त्याने इथे थांबायला हवं होतं. ती संस्कृती संगीतात जिवंत होती, तर ती वाजवणाऱ्या माणसाच्या कामी का आली नाही? हा प्रश्न क्रूर वाटेल, पण तो टाळला की डेव्हिसची गोष्ट ‘प्रतिभावंत आणि ड्रग्ज’ या गुळगुळीत साच्यात जाऊन पडते. त्याहून वाईट म्हणजे ‘इंडियन आणि दारू’ या साच्यात.

त्या दुसऱ्या साच्याबद्दल बोललं पाहिजे, कारण हॉलिवूडच्या वेस्टर्न सिनेमांमधून तो आपल्याही डोक्यात शिरलेला आहे. मूळनिवासींच्या रक्तातच दारू सोसत नाही, ही समजूत तिकडे ‘फायरवॉटर’च्या नावाने ओळखली जाते. तिला शास्त्रीय आधार सापडलेला नाही. उलट २०१६ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी राष्ट्रीय पाहण्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा मूळनिवासींमध्ये जास्त निघालं, आणि बेसुमार पिणाऱ्यांचं दोन्हीकडे जवळपास सारखं. दारूने होणारं नुकसान मात्र मूळनिवासींमध्ये खूपच जास्त आहे, हे खरं. पण ते रक्तापेक्षा गरिबीशी, दवाखान्यांच्या अंतराशी आणि इतिहासाशी जास्त जोडलेलं आहे. तो इतिहास थोडक्यात असा : १८३२ मध्ये अमेरिकन सरकारने ‘इंडियन’ प्रदेशात दारूबंदी केली, ती १९५३ पर्यंत टिकली. १८८३ मध्ये त्याच सरकारने त्यांचे नाच, समारंभ, वैदूंचे विधी हे गुन्हे ठरवले. ते धोरण १९३४ मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणजे पन्नास वर्षं अशी होती, की बाटली आणि ढोल दोन्ही बेकायदा. बाटली व्यापाऱ्यांच्या गाड्यांमधून येतच राहिली. ढोल लपवावा लागला. १८९० मध्ये वुंडेड नी इथे लष्कराने जे शेकडो लाकोटा मारले, त्याच्या मागे ‘घोस्ट डान्स’ नावाच्या एका नाचाची धास्ती होती. आणि मुलं? ती १८७९ पासून कार्लाइलसारख्या निवासी शाळांमध्ये होती, केस कापून, भाषा बंद करून. त्या शाळांत बँड शिकवायचे, ब्रासचे. संगीत होतं की!

म्हणून ‘संगीत’ हा एकच शब्द वापरून इथे काम भागत नाही. हे मला कळलं ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसामुळे. सेनेका जमातीतला हँडसम लेक हा दारूने पोखरलेला, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस. १७९९ च्या उन्हाळ्यात तो मेला असं समजून घरच्यांनी तयारी सुरू केली, आणि तो उठून बसला. त्याने दृष्टान्तांत जे पाहिलं ते सांगू लागला. त्याची शिकवण ‘गाईविओ’ म्हणून आजही इरोक्वा लोकांच्या लाँगहाउसमध्ये कित्येक दिवस चालणाऱ्या पठणात सांगितली जाते. तिच्या केंद्रस्थानी दारू सोडणं आहे. पण नुसती ‘पिऊ नका’ ही आज्ञा नाही. पिणं सोडलेल्या माणसाने जायचं कुठे, याचंही उत्तर त्यात आहे : महापिसांचा नाच, ढोलाचा नाच, प्रत्येक पुरुषाने उभं राहून स्वतःचं गाणं म्हणण्याचा विधी. जुने विधी त्याने पुन्हा मध्यभागी आणले.

आणि याच शिकवणीत फिडलला शिक्षा आहे. १९१३ मध्ये आर्थर पार्करने ही शिकवण इंग्रजीत छापली, त्यात नरकाचं वर्णन येतं. तिथे फिडल वाजवणारा एक माणूस तापलेल्या लोखंडी कांबीने आपलाच हात कापत बसलेला आहे. आज वाचताना हे कर्मठ वाटतं. बिचाऱ्या फिडलने काय केलं? पण तेव्हाच्या वस्त्यांमध्ये फिडल म्हणजे व्हिस्कीचा अड्डा, पत्ते, गोऱ्या व्यापाऱ्याचं दुकान. वाद्य ज्या जागेत वाजतं, ती जागा वाद्याला चिकटते. हँडसम लेकला संगीताचं वावडं नव्हतं. कुठलं गाणं तुम्हाला कुणाच्या घरी घेऊन जातं, याची त्याला पक्की जाण होती. गंमत अशी की पुढे दीडशे वर्षांनी त्याच इरोक्वांच्या सिक्स नेशन्स रिझर्व्हवर, आईच्या माहेरी, गिटारी, मँडोलिनं आणि फिडलं वाजवणाऱ्या काका-मामांमध्ये रॉबी रॉबर्टसन गिटार शिकला आणि ‘द बँड’चा कणा झाला. ‘रंबल’मध्ये हा भाग फार गोड आहे. तेव्हा फिडल कायमचं पापी राहिलं नाही. घर बदललं की वाद्यही बदलतं.

आता ढोलाकडे येतो. पाऊवाऊचा मोठा ढोल तुम्ही पाहिला असेल. जमिनीलगत ठेवलेला, भोवती आठ-दहा गायक, प्रत्येकाच्या हातात एक काठी. एकच ढोल आणि सगळे मिळून वाजवतात. एक जण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात, आवाज चढत चढत जातो, मध्येच दोन-चार जोरकस ठोके येतात आणि नाचणारे त्याला मान देतात. पुष्कळ गाण्यांना आपण म्हणतो तसे शब्द नसतातच. नुसते स्वर आणि नाद. त्यामुळे आजीची भाषा शाळेत हरवून बसलेला नातूही पहिल्याच संध्याकाळी गाऊ शकतो. ज्या समाजाच्या तोंडातून भाषा काढून घेतली गेली, त्याला या गोष्टीचं मोल किती असेल, हे बाहेरून कळणं अवघड आहे.

या ढोलाचे नियम असतात. तो वस्तू नाही, जिवंत आहे, आजोबा आहे असं अनेक जमातींमध्ये मानतात. त्याला एकटं सोडत नाहीत. आणि प्यायलेल्या माणसाने त्याला हात लावायचा नाही. कित्येक गटांत आधीचे चार दिवस कोरडे हवेत. पाऊवाऊच्या मैदानावर दारू चालत नाही. आणि खास ‘सोब्रायटी पाऊवाऊ’ असतात, नववर्षाच्या आदल्या रात्रीसुद्धा, म्हणजे सगळं शहर पीत असतं त्याच रात्री. आपल्याकडे गळ्यात माळ घातली की दारू सुटते आणि दिंडीत टाळ हाती येतो, त्याची आठवण होणं साहजिक आहे. पण तुलना इथेच सोडतो, कारण वारीवर सरकारने कधी पन्नास वर्षं बंदी घातली नव्हती.

ढोल बरं करतो तो कंपनांनी की मेंदूतल्या लहरींनी, यावर तासन्‌तास बोलणारे लोक भेटतात. मला त्या चर्चेत फार रस नाही. मला दिसतं ते साधं आहे : दर मंगळवारी संध्याकाळी सराव असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर वर्तुळात एक खुर्ची रिकामी दिसते. आदल्या रात्री प्यायला असाल तर ठोका चुकतो, आणि तो शेजारच्या सात जणांना ऐकू येतो. सोलो गिटारवादकाचा ठोका चुकला तर स्टुडिओत दुसरा टेक घेतात. डेव्हिसच्या काळात तर टेकच्या मध्ये पावडर आणून देणारेही तिथेच असत.

लॉस एंजेलिसमधले मनोविकारतज्ज्ञ डॅनियल डिकरसन स्वतः इनुपियाक आहेत. त्यांनी या सगळ्याला उपचारपद्धतीचं रूप दिलं. तिचं नाव डार्टना : ढोलाच्या मदतीने व्यसनमुक्ती. बारा आठवड्यांचा कार्यक्रम, त्यात ढोल करणं, वाजवणं, वर्तुळात बसून बोलणं, आणि ‘व्हाइट बायसन’ या संस्थेने मेडिसिन व्हीलच्या चार दिशांशी जोडलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या. (डॉन कॉयहिस या मोहिकन गृहस्थांनी ही संस्था १९८८ मध्ये काढली. डेव्हिस गेला तेच वर्ष.) डार्टनाचा पहिला प्रयोग जेमतेम दहा लोकांवर झाला होता, तेव्हा त्यावरून फार मोठे दावे करायला नकोत आणि त्या मंडळींनी केलेही नाहीत. मला त्यांच्या अहवालांत जास्त आवडल्या त्या अडचणी. लॉस एंजेलिसमध्ये शंभर जमातींचे लोक राहतात. मग गाणी कुणाची घ्यायची? काही जमातींत बायका ढोलावर बसत नाहीत, मागे उभ्या राहून गातात. मग उपचाराला आलेल्या बाईला काठी द्यायची की नाही? ‘नेटिव्ह संस्कृती’ असं एकवचनात म्हणणं किती सोपं आणि किती चुकीचं आहे, हे या प्रश्नांमधून कळतं. गोळी सगळ्यांना सारखी देता येते. ढोलाचं तसं नाही.

या विषयावरची माझ्या मते सर्वांत मोठी कलाकृती मात्र ना अल्बम आहे ना चकचकीत माहितीपट. ‘द ऑनर ऑफ ऑल’ हा १९८० च्या दशकाच्या मध्यात व्हिडिओवर केलेला सिनेमा, दिग्दर्शक फिल लुकास, चॉक्टॉ. तांत्रिक दृष्टीने तो आज बघवत नाही असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. रंग फिके, आवाज फाटलेला, अभिनय... अभिनयाचं सांगतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात अल्कली लेक ही शुश्वाप लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेत एस्केट. वस्ती काही शेकड्यांची. १९७० च्या सुमारास तिथे जवळपास प्रत्येक मोठा माणूस पीत होता. आसपासचे लोक गावाला अल्कोहोल लेक म्हणायचे. १९७२ मध्ये फिलिस चेल्सी यांची लहान मुलगी आजीकडून घरी यायला तयार होईना. तुम्ही पिता म्हणून. फिलिसने त्या दिवशी सोडली. काही दिवसांनी नवरा अँडी यांनी सोडली. बराच काळ सगळ्या गावात हे दोघंच. अँडी प्रमुख म्हणून निवडून आले आणि मग जे केलं ते अजिबात काव्यात्म नाही. दारू आणून विकणाऱ्यांना पोलिसांच्या मदतीने पकडवलं, त्यात स्वतःचे नातेवाईकही आले. मदतीचे पैसे रोख देण्याऐवजी किराणा दुकानाची कुपनं द्यायला लावली. उपचाराला गेलेल्याचं घर मागे राहिलेल्यांनी दुरुस्त करून ठेवलं, म्हणजे तो परतला की जुन्या फुटक्या घरात परतू नये. दहा-बारा वर्षांत गावातले ९५ टक्के लोक दारूमुक्त झाले, हा आकडा त्यांच्या गोष्टीबरोबर जगभर गेला.

यात ढोल कुठे आहे? नंतर आहे. आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी भांडणं, कुपनं, कोर्टकचेऱ्या, ‘अँडी, तू आता गोरा झालास’ असले टोमणे. मग जी माणसं शुद्धीवर आली त्यांना रिकामी संध्याकाळ खायला उठली, आणि आपण मुळात कोण होतो हा प्रश्न पडला. जवळच्या सेंट जोसेफ मिशनच्या निवासी शाळेने त्याचं उत्तर पुसून टाकलं होतं. तेव्हा कुठे गाणी, नाच, स्वेट लॉजचा घामविधी परत आणण्याची धडपड सुरू झाली. ‘संस्कृतीकडे वळा, व्यसन सुटेल’ असं सांगणाऱ्या पोस्टरांवर हा क्रम नेमका उलटा असतो. आणि शुद्धीवर आल्यावर आणखी एक गोष्ट झाली, ती कुठल्याच पोस्टरवर नसते : त्या शाळेत लहानपणी काय काय झालं, ते लोक बोलू लागले. दारूखाली हेच दाबून ठेवलं होतं. म्हणजे दारू सुटल्यावर गाव लगेच सुखी झालं नाही. काही घरांत आधीपेक्षा जास्त दुखू लागलं. अशा वेळी भोवती बसायला एक ढोल असणं, हे ‘थेरपी’ या शब्दात मावत नाही.

आता अभिनय. या सिनेमात गावातल्या लोकांनीच स्वतःची कामं केली आहेत. नशा सोडून कित्येक वर्षं झालेली माणसं कॅमेऱ्यासमोर पुन्हा झिंगतात, पुन्हा पडतात, पुन्हा आपल्याच पोरांवर ओरडतात. कसलेला नट दारुड्या करतो तेव्हा तोल जाण्याची गंमत असते. इथे माणूस तोल जातानाचं दाखवतो आणि त्याच्या डोळ्यांत पूर्ण शुद्ध दिसते. ते अवघडलेपण, ते ‘नीट न जमणं’ हाच सिनेमाचा खरा मजकूर आहे. ‘रंबल’मध्ये प्रसिद्ध माणसं मेलेल्या मित्राबद्दल सुंदर बोलतात. इथे जिवंत माणसं स्वतःबद्दल ओबडधोबड खेळून दाखवतात. कुठला सिनेमा चांगला, असं विचाराल तर ‘रंबल’. पुन्हा कुठला बघेन, तर हा.

आणि डेव्हिस? त्याला असा ढोल मिळालाच नाही, असं लिहून मोकळं होता आलं असतं. वस्तुस्थिती तशी नाही. १९८५ मध्ये तो जॉन ट्रुडेलकडे गेला. ट्रुडेल सँटी डकोटा, १९६९ ते ७१ च्या अल्कट्राझ बेटाच्या ताब्यात रेडिओवरचा आवाज, नंतर अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचा अध्यक्ष. ११ फेब्रुवारी १९७९ ला त्याने वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचा झेंडा जाळला. बारा तासांच्या आत नेव्हाडातल्या डक व्हॅली रिझर्व्हेशनवर (तिकडे या शब्दाचा अर्थ राखीव प्रदेश) घराला आग लागून बायको टीना, तीन मुलं आणि सासू जळून गेली. त्यानंतर ट्रुडेल कविता लिहू लागला. आधी पारंपरिक गायन आणि ढोलावर त्याने त्या म्हटल्या. डेव्हिसने त्या शब्दांना गिटार दिली. ‘एकेए ग्राफिटी मॅन’ १९८६ मध्ये कॅसेटवर निघाला आणि बॉब डिलनने त्याला त्या वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हटलं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पालोमिनो क्लबमध्ये डेव्हिस आणि ताज महाल वाजवत असताना डिलन, हॅरिसन आणि जॉन फोगर्टी मंचावर चढले.

तो अल्बम ऐका. आधीचा डेव्हिस गाण्याच्या मध्ये येऊन सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यायचा. इथे तो बोलणाऱ्याच्या खांद्याशी उभा आहे. ट्रुडेल गात नाही, बोलतो, जवळजवळ सपाट आवाजात, आणि गिटार त्याच्या वाक्यांच्या फटीत शिरते, सोडवते, मागे सरते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या लोकांच्या गोष्टीला वाजवत होता. अखेरच्या वर्षात तो लाँग बीचमधल्या मूळनिवासींच्या मोफत दवाखान्यात व्यसनमुक्तीचा समुपदेशक म्हणून काम करत होता. संगीत होतं, आपली माणसं होती, काम होतं. तरी तो गेला.

डग्लस मिलरने त्याचं चरित्र लिहिलं, ‘वॉशिटा लव्ह चाइल्ड’, २०२४ मध्ये. डेव्हिसच्याच एका गाण्याचं नाव. इतिहासकाराने लिहिलेलं असल्यामुळे त्यात डेव्हिसला फक्त बळी म्हणून बघितलेलं नाही, आणि ही मोठी सुटका आहे. पुनर्प्राप्ती ही गोष्ट बघणाऱ्यांना वरवर चढणारी रेषा हवी असते. हेरॉइनशी ज्याचा सामना झाला आहे, त्याला विचारा. त्यातली धोक्याची वेळ बहुतेकदा सुधारणेच्या मध्यातच येते. थोडा काळ सोडलेलं शरीर जुना डोस झेपवू शकत नाही. हे औषधशास्त्र आहे, आणि ढोलाकडे त्यावर उतारा नाही. मूळनिवासींच्या दवाखान्यांत आज नालोक्सोनचा स्प्रे आणि सेजची धुरी एकाच इमारतीत असतात, आणि त्या दोघांचं एकमेकांशी भांडण नाही. भांडण लावतो ते आपण, लेख लिहिणारे.

ट्रुडेल २०१५ च्या डिसेंबरमध्ये गेला. त्याचा आवाज पुढच्या वर्षी ओटावाच्या ‘अ ट्राइब कॉल्ड रेड’ या गटाच्या अल्बमच्या पहिल्याच ट्रॅकवर आला. ‘वी आर द हलुसि नेशन’, आता गटाचं नावही तेच आहे. पाऊवाऊच्या ढोलगटांचं गायन आणि इलेक्ट्रॉनिक बीट. तुमच्यापैकी अनेकांच्या प्लेलिस्टमध्ये ‘स्टेडियम पाऊवाऊ’ असेल. नसेल तर हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर नको, खालचा ठोका उडून जातो. हे संगीत मला प्रचंड आवडतं आणि त्याच वेळी त्यातली एक गोष्ट टोचते. हे लोक घडले ते ओटावाच्या एका नाइटक्लबमध्ये, दर महिन्याला भरणाऱ्या ‘इलेक्ट्रिक पाऊवाऊ’ रात्रींमध्ये. म्हणजे ज्या ढोलाजवळ प्यायलेल्याने जायचं नाही, त्याचा आवाज बारमध्ये. शहरात एकट्या पडलेल्या मूळनिवासी पोरांना एकत्र यायला दुसरी जागा कुठे होती, हा युक्तिवाद मला पटतो. रेकॉर्ड केलेला ठोका म्हणजे तो ढोल नव्हे, हेही कुणी म्हणेल. ते कमी पटतं, कारण मग त्या ठोक्याने अंगावर काटा येतो तो कशाचा? हँडसम लेकने यावर काय म्हटलं असतं ते उघड आहे. रॉबी रॉबर्टसनच्या मामांनी काय म्हटलं असतं, तेही.

मोंटानाचा क्रो रॅपर सुपामॅन याने वेगळा रस्ता धरला. आईवडील दोघंही दारूत, बालपणाचा काही भाग सरकारी पालकघरात, मग आजोबांनी वाढवलं. हे तो स्वतःच कार्यक्रमांतून सांगतो. त्याच्या ‘प्रेअर लूप साँग’मध्ये एकटा माणूस, अंगावर नाचाचा पूर्ण पोशाख, समोर लूपचं यंत्र. ढोलाचा एक ठोका वाजवून तो यंत्रात ठेवतो. त्यावर दुसरा. मग तोंडाने बीट, मग बासरी, मग गाणं, मग रॅप. एकामागून एक आवाज येऊन बसत जातात. तीन-चार मिनिटांत त्याच्या भोवती वर्तुळ भरतं, सगळ्या खुर्च्यांवर तोच. हा व्हिडिओ तो रिझर्व्हेशनवरच्या शाळांच्या जिममध्ये प्रत्यक्ष करून दाखवतो, आणि मग मुलांना पुढे बोलावतो.